घरतमामांच्या मागे

घरतमामांच्या मागे सायकल चालवलेला एकही माणूस आमच्या गटात नव्हता. रविवारी सकाळी पळस्पे फाट्यावरून आम्ही निघायचो, कधी पाच जण, कधी पंधरा. कुणी लाखाच्या सायकलीवर, कुणी पोराची टाकून दिलेली सायकल घेऊन. सगळे निघाले, शेवटचा माणूस दहावीस हात पुढे गेला, की मग मामा पायडल मारायचे. वाटेत कुणी चेन चढवायला उतरलं तर मामा उतरायचे. कुणी नुसतंच वैतागून कडेला बसलं तर तेही आपली सायकल स्टँडवर लावून शेजारी बसायचे आणि तो माणूस उठेपर्यंत त्याच्या गावची चौकशी करायचे. सायकलवाल्यांत अशा माणसाला स्वीप म्हणतात. मामांना तो शब्द काही आवडला नाही. "मी शेपूट," म्हणायचे. "शेपटीला पन काम असतं. माश्या मारायचं."

मी या गटात आले ती गुडघ्यांमुळे. बेलापूरला विम्याच्या कचेरीत खुर्चीवर बसून बसून गुडघे धरले होते. डॉक्टरांनी सायकल सांगितली आणि खारघरच्या आमच्याच सोसायटीतल्या सलीलने मला पळस्प्याला आणून उभं केलं. सलील संगणकाच्या कंपनीत. त्याच्या हँडलवर एक यंत्र, मनगटावर दुसरं, खिशात तिसरं. मला आणून सोडलं आणि पहिल्याच उतारावर तो दिसेनासा झाला. कर्नाळ्याच्या खिंडीचा चढ लागला तशी मी धापा टाकायला लागले. मागून टायरचा आवाज येत होता. मी थांबले की तोही थांबे. मला मागून कुणी बघत असलं की माझं डोकं फिरतं. कचेरीतसुद्धा मी भिंतीला पाठ करूनच बसते.

"तुम्ही व्हा ना पुढे," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

"आमी मागंच बरं."

"माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय."

"रस्ता कुठं पलून जातोय, बाय?"

पुढच्या वळणावर मी हरले आणि सायकलवरून उतरून ती ढकलायला लागले. लाजेने मान खाली घातली होती. मामाही उतरले आणि माझ्या मागे आपली सायकल ढकलत चालू लागले. "उतरला तो पडला नाय," एवढंच म्हणाले. पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा आणि इतक्या लोकांसाठी ऐकलं की आमच्या गटाचं ते ब्रीदवाक्यच झालं.

तेव्हा मामा सत्तरीच्या आसपास असतील. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, करडी पँट, आणि पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. नवीन येणारे लोक त्यांना कुणाचा तरी गडी समजत. एकाने तर आल्या आल्या "काका, जरा हवा भरा" म्हणून पंप हातात दिला होता. मामांनी हवा भरली आणि त्याच्याकडून सगळ्यांना चहा उकळला. पण मामा गरीब वगैरे मुळीच नव्हते. मूळ गव्हाणचे. वडिलांचं मिठागर आणि थोडी भातशेती. जमीन संपादनात गेली, बदल्यात भूखंड मिळाले, आणि मामांनी पनवेलमध्ये रेती-खडी-विटांचा धंदा काढला. नवी मुंबईतल्या निम्म्या इमारतींत आपली रेती आहे, असं ते गंभीरपणे सांगत. निम्म्या नसतील, पण आमच्या सोसायटीत होती. पावसाळ्यात भिंत गळली की मी त्यांना फोन करून ऐकवायची.

सायकल त्यांच्या आयुष्यात आली ती साखरेमुळे. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. मामा पनवेलच्या बाजारातून चालायला लागले. "चार दुकानं झाली की कोन तरी हाक मारनार, शेट, चाय घ्या. महिनाभर चाललो, साखर आनखी वाढली," असं ते स्वतःच सांगत आणि सगळ्यांच्या आधी हसत. सायकलवरच्या माणसाला कुणी चहाला थांबवत नाही, हा शोध त्यांनी लावला. सलीलने गळ घालून त्यांना सायकलवाल्यांची ती आतून गादी लावलेली चड्डी घ्यायला लावली, ती ते पँटीच्या आत घालत. "ही ज्यानं शोधली त्याला शाल-नारल द्यायला पायजे," हे त्यांचं मत. बाकी आमच्या सामानावर त्यांचा विश्वास नव्हता. सलील वाटेत पिळून खायची गोड पाकिटं आणायचा, त्याला ते आजाऱ्याचा खाऊ म्हणत. त्यांच्या कॅरियरवरच्या पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी असे. डबा उघडला की पाच जणांतले दोघे लांब जाऊन बसत. उरलेल्या तिघांत मी असायची.

निघण्याआधी ते प्रत्येकाचं टायर अंगठ्याने दाबून बघत, आंबा पिकलाय का बघावं तसं. मग आभाळाकडे बघून हवामान सांगत. मिठागरवाल्याचा मुलगा, म्हणजे आभाळ वाचण्यात तयार असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मामांचा अंदाज हमखास चुकायचा. "आज पानी नाय" म्हणाले की मी गुपचूप रेनकोट पिशवीत घालायची. कधीमधी खरा ठरलाच तर ती बोलाफुलाला गाठ. एकदा मी त्यांना याबद्दल छेडलं, तर म्हणाले, "माझ्या बापाचा पन चुकायचा. तयार मीठ किती येला पावसात गेलं. पन सांगायचं सोडलं नाय त्यानं. कोनी तरी सांगायला लागतं ना, बाय."

ते मागे का राहतात हे मला कळलं ते गव्हाणला. उरण रस्त्याने आम्ही एक छोटी फेरी केली होती, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या मिठागराची जागा दाखवली. दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं. रुंद रस्ता, पलीकडे कंटेनरच्या रांगा, त्यांच्यामागे थोडी खाजण आणि खाडीचं पाणी. मामा हाताने हवेत रेघा ओढत सांगत होते, इथे आमचे वाफे, तिथे भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी, आणि हा असा गावापर्यंत बांध. बांध एका माणसापुरता रुंद. संध्याकाळी काम संपलं की पंधरावीस माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन एकामागून एक त्यावरून गावात परतायची. दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी, खाली शेवाळ.

"म्होरं कोन चालतं, म्हाईत हाय? पोरं, बाया, ज्यांचा पाय कच्चा ती मानसं. आन जो जानता आसल तो सगल्यांच्या मागं. कोन घसरला तर पुढच्याला काय दिसत नाय. मागच्याला दिसतं. बांधावर जानता मागं, असाच कायदा व्हता आमचा."

"आणि मागचाच पडला तर?"

मामा हसले. "जानता पडत नाय."

बारा-पंधरा वर्षांचे असताना आपल्याला बांधावर कुठे चालवायचे तेही त्यांनी सांगितलं: आईच्या पुढे, आणि मामांना ते फार अपमानाचं वाटायचं. एक दिवस चुलत्याचं कंबरडं दुखत होतं तेव्हा त्याने मामांना पहिल्यांदा मागे चालायला सांगितलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा आपल्याला एवढा आनंद झाला नव्हता, हे त्यांनी मामींच्या देखत सांगितलं होतं. मामींनी त्या दिवशी कुणाच्याच चहात साखर घातली नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मामा बाजारात पडले. भाजीच्या गाड्यापाशी उभे होते, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले. हात खरचटला, आणखी काही नाही. पण त्यांचा मुलगा विलास हादरला. विलास धंदा बघायचा, अबोल, वडिलांसारखाच रुंद खांद्यांचा. तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या. डॉक्टरांनी सायकल बंद करा असं म्हटलं नाही, चालू ठेवा असंही म्हटलं नाही. बापलेकांत मग वाद झाला. शेवटी असं ठरलं की दिवाळीआधीची आमची मोठी फेरी मामांनी करायची. पेण, नागोठणे, पाली, खोपोली करत परत पळस्पे, दीडशे किलोमीटरच्या आसपास. ती नीट पार पडली तर विलास पुन्हा सायकलीचं नाव काढणार नाही. नाही पडली तर सायकल गोदामात.

हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. विलासने आदल्या दिवशी फोन केला.

"मॅडम, एक काम करा. दिवसभर बाबांच्या मागं राहा. काय झालं तर निदान कळेल तरी."

"त्यांच्या मागे कुणी राहू शकत नाही, विलास."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. आणि काय झालं ते मला खरं सांगा. बाबा सांगणार नाहीत."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मामांची सायकल गेली तर मामा पुन्हा पनवेलच्या बाजारात चहा पीत बसणार, हे मला दिसत होतं. आणि एखाद्या ट्रकसमोर त्यांना अंधारी आली तर काय, हेही दिसत होतं.

त्या दिवशी आम्ही चौघंच होतो. मामा, मी, सलील आणि रेहाना. रेहाना पनवेलच्याच एका शाळेत शिकवते. सायकलवर येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते आणि एवढी लांब फेरी पहिलीच. पळस्प्याला पोचलो तेव्हा असं धुकं होतं की समोरचा ट्रक फक्त लाल दिव्यांनी कळत होता. भुवयांवर दव जमत होतं. मामांनी टायरं दाबली, न दिसणाऱ्या आभाळाकडे बघितलं आणि जाहीर केलं, "आज पानी नाय. कडक ऊन." सलीलच्या यंत्राने संध्याकाळी किंचित शिडकावा सांगितला होता. मी रेनकोट घेतलेला होताच.

निघताना मी बूट बांधायला खाली वाकले. सलील गेला, रेहाना गेली. मामा उभेच. मी दुसरा बूट सोडून पुन्हा बांधला.

"विलासनं फोन केला ना?" मामांनी विचारलं.

मी लेस ओढत राहिले.

"चल, बाय. पुढं हो. बूट घरी बांधायचे असतात."

तरी मी प्रयत्न सोडला नाही. कर्नाळ्याच्या खिंडीत फोटो काढायला थांबले. मामा पुढे येऊन फोटोत उभे राहिले आणि फोटो झाल्यावर पुन्हा मागे. खारपाड्याच्या पुलावर धुकं नदीवरून कापसासारखं वर सरकत होतं, तिथे मला खरोखरच थांबावंसं वाटलं, तर मामा म्हणाले, "पुलाचा पन बूट सुटला काय?" पेणला मिसळ खाताना मी ठरवलं की आता पुरे. हा माणूस ठणठणीत आहे. रेहानाला ते चढ-उताराचं शिकवत होते, "चढाला मान वर करू नकोस, चाकाम्होरचा रस्ता बघ. डोंगर आपोआप संपतो." रेहाना म्हणाली, "मामा, तुम्ही आमच्या शाळेत या. सहावीच्या मुलांना जरा हेच समजवा."

वडखळ सोडल्यावर धुकं विरलं आणि ऊन उतरलं. दिवाळीआधीचं ते ऊन ज्यांनी कोकणात अंगावर घेतलंय त्यांना सांगायला नको. डांबरावरून वाफा, बाटलीतलं पाणी चहासारखं. नागोठण्याला सलीलसुद्धा एका झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. मामा मात्र खुशीत, कारण ऊन त्यांनी सांगितलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर ते पालीपर्यंत बोलत होते. पालीला जेवलो. मामांनी देवळाला बाहेरूनच हात जोडले. डब्यातली भाकरी त्यांनी अर्धीच खाल्ली आणि उरलेली मला दिली. हे मी बघितलं, पण मला भूक होती, म्हणून फार विचार केला नाही.

पालीहून खोपोलीकडे निघालो तेव्हा डोंगरावर काळं जमायला सुरुवात झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. पहिला वारा आला तशी शेतातली माणसं प्लास्टिकचे कागद घेऊन धावायला लागली. कागद त्यांच्या हातातून उडत होते. मी मागे वळून ओरडले, "मामा, पानी नाय ना?" मामांनी हात हलवला. मग वीज कडाडली आणि एका क्षणात रस्ता दिसेनासा झाला. परतीचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा मारतो. सलील आणि मी डोकं खाली घालून पायडल मारत एसटीच्या एका निवाऱ्यापर्यंत पोचलो आणि आत शिरलो.

थोड्या वेळाने पावसातून रेहाना आली. ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली, ओठ निळे. "या अल्ला, काय पाऊस आहे," म्हणत ती आत आली. आम्ही दोघंही आपोआप तिच्या मागे बघत राहिलो. रेहाना आली म्हणजे मामा आले. एवढ्या दिवसांत यात कधी बदल झाला नव्हता.

मागे कुणी नव्हतं.

"मामा म्हणाले, तू हो पुढे, मी येतो," रेहाना म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं आणि ती मागे वळून रस्त्याकडे बघायला लागली.

मी सायकल घेतली आणि उलटी निघाले. पावसाचे थेंब डोळ्यांत खड्यांसारखे लागत होते. मी मोठमोठ्याने मामांना शिव्या देत होते, विलासलाही, आणि स्वतःच्या भुकेलाही. मला खरंच भीती वाटत होती. रस्त्याकडेला पडलेली प्रत्येक गोष्ट, पोतं, फांदी, मला पांढरा शर्टच वाटत होती.

मामा ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसले होते. सायकल शेजारी नीट स्टँडवर लावलेली. पिशवी मांडीवर. शर्ट अंगाला चिकटला होता आणि चेहऱ्याचा रंग उतरला होता, पण बसले होते ताठ.

"पडलात?"

"नाय. उतरलो." मग म्हणाले, "उतरला तो पडला नाय."

मी त्यांच्याजवळ बसले. पिशवीतला गूळ त्यांच्या तोंडात दिला, पाणी दिलं. आपण सकाळची गोळी घेतली आणि नीट जेवलो नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मी विलासला फोन लावायला गेले तर फोनला रेंज नव्हती. एक टेंपो आला, मी हात केला, तो पाणी उडवत निघून गेला. पाऊस जसा आला तसाच कमी होत गेला. समोरच्या शेतात भिजलेलं भात उलटसुलट करत एक बाई आपल्या नवऱ्यावर ओरडत होती. मामा तिकडे बघत राहिले.

मला वाटलं, आता ते म्हणतील, विलासला सांगू नको. मी काय उत्तर द्यायचं त्याची जुळवाजुळवही करत होते. खरं सांगायचं तर मी खोटं बोलायला तयार झाले होते. उपाशी पोटी गोळी घेतली की कुणालाही चक्कर येते. ते पडले नव्हते. वेळेवर उतरले होते. यात सांगण्यासारखं काय आहे?

मामांनी तसं काही म्हटलंच नाही. म्हणाले, "ती पोर पुढं गेली. मंग डोल्यांम्होरं काला पडदा आला. उतरलो आन इथं बसलो. बसल्यावर मनात आलं, आता ती पोर घसरली तर तिच्या मागं कोन हाय?"

"मामा, ती पोचली. नीट पोचली."

"आपली आपन पोचली. मी व्हतो म्हनून नाय." त्यांनी शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला. "जानता पडत नाय, असं मी तुला बोललो व्हतो."

"पडला नाहीत तुम्ही."

"ज्याला अंधारी येते तो जानता नसतो, बाय."

मग ते उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पिशवी कॅरियरला बांधली, पायाचा चिमटा नीट लावला, सायकल रस्त्यावर घेतली. मी सवयीने पुढे निघाले. त्यांनी माझ्या सीटला हात लावून मला थांबवलं.

"आज तू मागं ये," म्हणाले, आणि माझ्या पुढे निघून गेले.

मी हाक मारून त्यांना थांबवलं. टेंपो थांबवावा, त्यांना आत बसवावं, हे शहाणपणाचं होतं आणि मी ते दोनदा बोललेही. मामा म्हणाले, टेंपोत बसलो तर विलास पनवेलपासून पालीपर्यंत धावत येईल, हळूहळू जाऊ. तेव्हा हळूहळू निघालो. पुढे मामा, मागे मी, आणि निवाऱ्यापाशी सलील आणि रेहाना आले तेव्हा मामांनी त्यांना इशाऱ्यानेच बाजूला राहायला सांगितलं. दोघांनी एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. सलीलने आपल्या तिन्ही यंत्रांकडे त्या दिवशी पुन्हा बघितलं नाही.

खोपोलीपासून पळस्प्यापर्यंत मी मामांची पाठ बघत होते. इतक्या वर्षांत मी ती बघितलीच नव्हती. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. उजवं पाऊल पायडलवर बाहेरच्या बाजूला वळायचं, बदकासारखं. चढ आला की ते मान जरा डावीकडे कलती करत. शर्टाच्या कॉलरला मागून एक ठिगळ होतं, ते बहुधा मामींनी लावलेलं असणार. माणूस अंगठ्याने टायर दाबतो, आभाळ चुकीचं वाचतो, भाकरी वाटतो, हे सगळं मला माहीत होतं. पण ते सायकल कशी चालवतात ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. ते चांगली चालवत होते. एकदाही डुलले नाहीत. चौक गावाच्या पुढे पाऊस पूर्ण थांबला, पश्चिमेला आभाळ उघडलं आणि ओला रस्ता पिवळा झाला. मामांनी चहाला थांबू या का म्हणून मागे वळून विचारलं. मी मान हलवली. बिनसाखरेचा.

पळस्प्याला विलास गाडीला टेकून उभा होता. आम्हाला येताना बघून तो सरळ झाला. आधी मामा आले, मग दहावीस हात मागून मी. त्याने वडिलांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, कसे होते?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला अजून माहीत नाही.

मामा चिमटा काढत वाकले होते, ते तसेच वाकलेले असताना म्हणाले, "विलास, मी आज पुढं व्हतो."

विलास गव्हाणचा. बांध त्याने फारसा बघितला नसेल, पण बांधाचा कायदा त्याने लहानपणापासून ऐकलेला होता. तो पुढे आला, वडिलांच्या हातातून सायकल घेतली आणि गाडीत न टाकता ती थोडा वेळ नुसती धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, भिजलात. चला." मामा गाडीत बसले. बसण्याआधी त्यांनी माझ्या सायकलीच्या मागच्या टायरवर अंगठा दाबून बघितला आणि हवा कमी आहे म्हणाले.

त्यानंतर मामा सायकलवर बसले नाहीत. आम्ही कुणी आग्रह केला नाही आणि त्यांनीही कधी खंत बोलून दाखवली नाही. रविवारी मात्र ते गाडीतून पळस्प्याला येत, सगळ्यांची टायरं दाबत, चुकीचं हवामान सांगत, आणि आम्ही निघालो की मी नीट शेवटी राहते का ते बघत. पहिल्या काही वेळा मला फार अवघड गेलं. मला पुढे जायची घाई असते, लोकांच्या थांबण्याचा वैताग येतो. एकदा एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी फोनवर बोलायला उतरत होते तेव्हा मी त्यांना सोडून चक्क पुढे गेले, आणि पुढच्या वळणावर थांबले, कारण त्यांच्या मागे कुणीच नाही हे सहन होईना.

उन्हाळ्यात मामा गेले. झोपेत गेले. मामींनी सांगितलं की आदल्या रात्री ते म्हणाले होते, उद्या वारा सुटेल. दुसऱ्या दिवशी पान हललं नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी विलास पळस्प्याला आला. मामांची सायकल घेऊन आला होता. टायरं बदललेली, कॅरियरवर तीच पिशवी. त्याने किती वर्षांनी सायकल हातात धरली होती कुणास ठाऊक. जरा लाजत म्हणाला, "मॅडम, मी येऊ का? मला जमणार नाही फार. कुठं राहू मी?"

"पुढे व्हा," मी म्हटलं.

तो निघाला. जरा डगमगला, मग सावरला. मी दहावीस हात जाऊ दिले आणि पायडल मारलं. त्याचं उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळत होतं. कर्नाळ्याच्या चढाला तो थकला, उतरला आणि मान खाली घालून सायकल ढकलायला लागला. मीही उतरले.